कलली, कलंडली न्हाई!

नाव कलणं म्हणजे काय, हे १९८३ साली अख्ख्या लातूर जिल्ह्यात मला एकट्याला ठाऊक होतं! साहेबाला न्हाई, इंजिनिअरला न्हाई, मला! हंगामी कारकून श्रीमंत. नाव श्रीमंत आणि पगार रोजंदारीचा, हा विनोद आधीच सगळ्यांनी करून झालाय, तुम्ही करू नका.

शाळा माझी सातवीपर्यंत. पुढचं शिक्षण भज्यांच्या कागदावर झालं. लोक भजी खातात आणि कागद फेकतात, मी कागद वाचण्यासाठी भजी खातो. एकदा एसटी स्टँडवर मूगभज्यांखाली कुठल्याशा जुन्या पुस्तकाचं पान आलं. त्यावर लिहिलेलं होतं: ‘वारा शिडास ढकलतो तेव्हा नाव एका अंगास झुकते. यास कलणे म्हणतात. कलणे म्हणजे कलंडणे नव्हे! नाव कलली असता घाबरू नये. सर्वांनी तत्काळ...’ आणि पुढे हा एवढा तेलाचा डाग! डागाच्या पलीकडे ‘बाजूस सरकावे’.

कोणत्या बाजूस, ते भज्यानं पिऊन टाकलं होतं. म्हटलं, जाऊ द्या, एका शब्दानं काय अडतं?

त्याच एका शब्दानं आमच्या हापिसातला सगळ्यात मोठा साहेब पाण्यात पाडला!

झालं असं की, लातूर जिल्हा होऊन वर्ष भरत आलं होतं. पावसाचा पत्ता नव्हता. आमच्या बौद्धवस्तीमागं एक तळं आहे. त्यात तेव्हा म्हशीचं पोटसुद्धा भिजत नव्हतं. पण हापिसच्या कागदावर तळ्यात बारा फूट पाणी! टँकरसाठी मी तीन अर्ज केले. तिन्हींना एकच उत्तर: ‘वस्तीलगत मुबलक जलसाठा असल्याने टँकरची आवश्यकता दिसून येत नाही.’ बाया दोन कोसांवरून पाणी आणून राहिल्या होत्या. गावच्या विहिरीवर आमच्या घागरींना काय वागणूक मिळायची, ते लिहीत नाही. लिहिलं तर ही कथा विनोदी राहणार नाही.

आणि गंमत बघा! त्याच बारा फुटांच्या भरवशावर साहेबांनी जिल्ह्याच्या वाढदिवसाला तिथं नौकाविहार काढायचं ठरवलं. प्यायला घागर न्हाई आणि फिरायला नाव! मुंबईहून ट्रकमधून शिडाची नाव आली. सोबत येणारा खलाशी सोलापुरातच उतरून गायब झाला. शहाणा माणूस!

“नाव कुणाला चालवता येते?” साहेबांनी विचारलं. हापिसात सगळ्यांनी माना खाली घातल्या. मी हात वर केला.

माझा बेत पक्का होता. साहेबाला तळ्याच्या मधोमध न्यायचं, पाण्यात काठी उभी करून खोली दाखवायची आणि तिथंच चौथ्या अर्जावर सही घ्यायची. हापिसात साहेब पळून जातो. नावेतून कुठं जाईल?

ठरल्या दिवशी मी आणि जीपचा ड्रायव्हर शरणप्पा, दोघांनी मिळून शीड उभं केलं, लग्नाचा मांडव घालतात तसं. शरणप्पा निलंग्याकडचा. तो मला म्हणाला, “श्रीमंत, खरं सांग. तू कधी नावेत बसलास का रे?”

“पुस्तकात बसलोय.”

“अय्यो!” म्हणून तो निम्मा उतरला होता, पण तेवढ्यात पांढरी सफारी घातलेले साहेब आले आणि बिचारा अडकला. काठावर अख्खी वस्ती जमली. सगळ्यात पुढं माझी चुलती धुरपतामाय, कमरेला रिकामी घागर.

नाव निघाली. काठावर टाळ्या! साहेब हात हलवून राहिले होते. आम्ही मध्यावर आलो. मी सदऱ्यातून अर्ज काढला, काठी हातात घेतली आणि घसा खाकरला, “साहेब, एक विनंती...”

आणि वारा आला! पाऊस नसलेल्या साली वारा लई माजतो. शीड म्हशीच्या पोटासारखं फुगलं आणि नाव एका अंगाला झुकली!

“अरे, हे काय होतंय?” साहेब ओरडले.

“काही न्हाई साहेब! नाव कलली!”

“कलली म्हणजे?”

“वारा ढकलून राहिला, म्हणून ती झुकून राहिली. रीतच हाय तिची. कलली, कलंडली न्हाई!”

काठावर एवढं लांबलचक कुठलं ऐकू जातंय? त्यांच्यापर्यंत एकच शब्द पोचला. “कलंडली! कलंडली!” अशी बोंब उठली.

“मग आता करायचं काय?” साहेबांनी माझी कॉलर धरली. “खाली बारा फूट पाणी आहे!”

मी डोळे मिटले. भज्यांचा कागद डोळ्यांसमोर आणला. सर्वांनी तत्काळ... डाग... बाजूस सरकावे. वरच्या की खालच्या? वर सरकायचं म्हणजे चढायचं. संकटात कुणी चढतं का? उताराला जाणं सोपं!

“सगळे खालच्या बाजूला!” मी हुकूम सोडला.

आम्ही तिघं खाली सरकलो आणि जी नाव नुसती कलली होती, ती अगदी शास्त्रशुद्ध कलंडली!

साहेब पाण्यात! “वाचवा! वाचवा!” हातपाय असे मारत होते की अर्धं तळं अंगावर आलं. शरणप्पा कानडीत देवाला हाका मारून राहिला होता. आणि मी? जन्म माझा त्या तळ्याकाठी गेलेला, तीन अर्जांत पाण्याची खोली स्वतःच्या हातानं लिहिलेली, तरी साहेबांचा आरडाओरडा ऐकून मीही बुडायला लागलो! हात तेवढा वर ठेवला होता, कारण हातात अर्ज होता.

एवढ्यात शेजारून छपक छपक आवाज आला. डोळे उघडले. धुरपतामाय लुगडं वर खोचून, घागर कमरेला तशीच घेऊन चालत आली होती.

“सायब,” ती म्हणाली, “उभं ऱ्हावा की.”

साहेबांना समजेना. “काय?”

“उभं ऱ्हावा, लेकरा. बसून कामून बुडून राहिलात?”

साहेब उभे राहिले. पाणी मांडीपर्यंत! त्यांनी एकदा खाली पाहिलं, एकदा माझ्याकडं पाहिलं. मग असा सुस्कारा सोडला की शीड पुन्हा फुगतंय की काय असं वाटलं! जिवंत असल्याच्या आनंदात त्यांनी शरणप्पाला मिठीच मारली.

“एवढंच पाणी?” ते पुटपुटले. “कागदावर तर बारा फूट...”

“तुम्ही कागदावरच बुडून राहिला होतात, साहेब,” मी म्हणालो आणि अर्ज पुढं केला. “खरं पाणी इथं लिहिलंय. चौथ्यांदा.”

माणूस रागावेल, नोकरी घेईल, असं वाटलं होतं. त्यांनी खिशातला पेन झटकला, धुरपतामायची घागर पालथी घालून तिच्यावर अर्ज ठेवला आणि मांडीभर पाण्यात उभं राहून सही केली. घागर पाण्यावर डुलत होती, म्हणून सही एका अंगाला झुकलेली. हापिसात हेडक्लार्क म्हणाला, “सही नमुन्याशी जुळत न्हाई. कलंडलीय.”

“कललीय!” मी ओरडलो. “यातला फरक मला विचारा!”

तिसऱ्या दिवशी सकाळी टँकर आला. बाया, घागरी, पोरं, सगळा रस्ता भरून गेला. आणि आमच्या वस्तीच्या तोंडाशी, जिथं मंजूर असलेली सडक कधी झालीच न्हाई, तिथं टँकरचं चाक खड्ड्यात गेलं आणि टँकर झुकला! आतलं पाणी डुचमळलं. बाया घागरी टाकून धावल्या.

“पोरींनो, वरच्या अंगाला लटका!” धुरपतामाय गरजली.

सोळा बाया वरच्या बाजूच्या पाइपाला, शिडीला, मिळेल त्याला लोंबकळल्या. ड्रायव्हरनं रेस दिली. टँकर थरथरला, थबकला आणि धाडकन सरळ उभा राहिला! एक थेंब सांडला न्हाई. बाया हसून राहिल्या, रडून राहिल्या. धुरपतामायनं पहिली घागर भरली. पुस्तकातला डागाखालचा शब्द मला त्या दिवशी वाचायला मिळाला.

मी कुठं होतो म्हणता? मी खालच्या बाजूला उभा राहून दोन्ही हातांनी टँकर पेलून धरला होता, आणि मायचं लक्ष माझ्याकडं गेलं होतं.

“श्रीमंता, सरक तिथनं!” ती ओरडली होती. “तुझ्या अंगावर पडला तर सगळं पाणी वाया जाईल!”