टापटीपरावांनी दूध थंड केलं

डेअरीतला एक्स्चेंजर पुन्हा जोडून झाला, तेव्हा टापटीपरावांनी त्याच्याकडे लेकराकडे पाहावं तसं पाहिलं. हे डेअरीचे फिटर. कपांचे कान एका दिशेला नसले, तर यांना चहा गोड लागत नसे. म्हणून हे नाव.

एक्स्चेंजर म्हणजे बाणांसारखी टोकदार नक्षी उठवलेल्या पातळ स्टील पत्र्यांची चळत, बोल्टांनी आवळलेली. एका फटीतून तापवलेलं दूध जातं, शेजारच्या फटीतून थंड पाणी. मधला पत्रा दोघांची भेट होऊ देत नाही, पण दुधाची धग मात्र पाण्याला देऊन टाकतो. ही चळत उघडून धुवायला दरवेळी बाहेरचे मेकॅनिक येत. यंदा राव छाती काढून म्हणाले, "घरचा माणूस असताना बाहेरचे कशाला?"

"ठीक आहे," मॅनेजरसाहेब म्हणाले. "पण संध्याकाळचं दूध गरम राहिलं, तर उद्यापासून सगळी दुरुस्ती बाहेरच्यांकडे. तुम्ही गेटवर बसायचं."

पत्रे लख्ख झाले. जोडताना तर ते एकमेकांत इतके चपखल बसले, की चळत पूर्वीपेक्षा बारीक झाली.

"बघ, जागासुद्धा वाचली!" रावांनी बायकोला दाखवलं. ती तिथेच पंपांवर ऑपरेटर होती. तिने चाचणीसाठी आधी दोन्हीकडून पाणीच सोडलं.

गरम पाणी आत गेलं आणि तसंच वाफाळत बाहेर आलं. थंड पाणी तर आत शिरेचना. पंप कण्हू लागला. त्यात गेटवर दुधाच्या टँकरचा हॉर्न वाजला.

"अहो, पत्रे लावलेत तरी कसे?"

"कसे म्हणजे? सगळ्यांच्या नक्षीची टोकं वर! आधी एक सुलटा, एक उलटा असा नुसता गबाळा कारभार होता. मी सुधारला."

"आणि तो गबाळा कारभार केला कुणी होता?"

"ज्यांनी मशीन बनवलं, त्यांनीच..." म्हणता म्हणता रावांनी पाना उचलला.

त्यांनी बोल्ट सोडले आणि एक पत्रा निरखला. चार कोपऱ्यांना चार भोकं. कडेच्या रबराने त्यातली दोन अडवली होती, दोन मोकळी सोडली होती. सगळे पत्रे सुलटे, म्हणजे गरमाची दारं सगळीकडे उघडी आणि थंडाची सगळीकडे बंद!

"थंडाला दार मिळायचं, तर एकाआड एक उलटा करायला हवा गं," ते कळवळून म्हणाले.

"मग करा की! टँकरवाल्याला मी थोपवते."

प्रत्येक उलट्या पत्र्याला रावांच्या जिवावर येत होतं. शेवटी तर त्यांनी डोळे मिटूनच लावले असते, पण बोटं चेमटली असती. बोल्ट आवळले. पंप आता गुणगुणू लागला. साहेब थर्मामीटर घेऊन नळाशी उभे राहिले. दूध आलं, आणि आलं ते गारेगार!

"वा!" साहेब ओरडले. "बाहेरचे रद्द! यापुढे एक्स्चेंजर तुमचाच!"

बायकोने टाळी वाजवली. तिचे डोळे भरून आले होते. राव मात्र चळतीच्या बाजूला उकिडवे बसले होते. उलट्यासुलट्या पत्र्यांच्या कडांनी तिथे मधाच्या पोळ्यासारखी घरं उमटली होती. वरपासून खालपर्यंत एकसारखी, एकही वाकडं नाही. इतकी टापटीप त्यांना जन्मात साधली नव्हती.

"अहो राव, तुम्ही जिंकलात!" साहेब वाकून म्हणाले.

"साहेब, जरा बाजूला व्हा," राव म्हणाले. "उजेड अडतोय."