तासभर पुरणारं सरबत

"आला बघ लिंबूवाला. आता खुर्ची अडवनार आन डोकं खानार."

स्टेशन रस्त्यावरच्या हॉटेलात एक वेटर दुसऱ्याला हे म्हणाला, तेव्हा मी त्याच्यापासून दोन हातांवर होते. वसंतमामा माझ्याही पुढे. त्यांनी ऐकलं की नाही, कळलं नाही. ते बसले, टोपी टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "कार्ड आण."

मामा म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ, तहसील कचेरीत अव्वल कारकून. पूर्वी त्यांच्याकडे दारूचं परमिट होतं. एका डॉक्टरने ते तब्येतीसाठी लिहून दिलं, दुसऱ्याने तब्येतीसाठीच फाडायला लावलं. मामांनी ते खरंच फाडलं आणि त्यानंतर थेंबाला शिवले नाहीत. दारू सोडल्यावर माणसं शांत होतात असं मी ऐकलं होतं. मामा मात्र परमिट फाडल्या दिवसापासून भडकले ते भडकलेच.

राग दारूवर नव्हता. दारू न पिणाऱ्याला हॉटेलवाले जे देतात, त्यावर होता. "दारू सोडली, जीभ नाही सोडली," हे त्यांचं पालुपद. दर शनिवारी संध्याकाळी नगरातलं एक हॉटेल गाठायचं आणि बिनदारूचं चांगलं पेय मागायचं. बरोबर मला न्यायचं. आई म्हणायची, "जा, लक्ष ठेव त्याच्यावर." मामा म्हणायचे, "चल, कार्ड इंग्रजीत असतं." मला काय वाटतं ते कोणी विचारत नसे. चारचौघांत माझा आवाज घशातच राहायचा, त्यामुळे होकार गृहीत धरलेला. कॉन्व्हेंटमध्ये बारा वर्षं शिकलेलं इंग्रजी मी त्या साली सरबतांची नावं वाचण्यात घालवलं.

"फ्रूट पंच," मी वाचलं. "फळांच्या रसांचं मिश्रण."

आलं ते नारिंगी पाणी, स्टीलच्या पेल्यात, वर डब्यातली एक चेरी. मामांनी घोट घेतला आणि मॅनेजरला बोलावलं.

"यात फळं कुठली?"

"मिक्स आहेत साहेब."

"नावं सांगा त्यांची."

मॅनेजरने पेल्यातल्या चेरीकडे बोट दाखवलं.

"श्रीगोंद्याचं लिंबू मुलुखभर जातं आणि तुम्ही इथं बसून बाटलीतला रंग पाजता? आणि स्टील कशाला? त्या लॉनवरच्या दारूच्या टेबलाला काचेचा ग्लास, आम्हाला पेला. आम्ही दूध प्यायला आलोय का?"

लॉनवरच्या टेबलाशी मामांचे जुने दोस्त होते, कुलकर्णी वकील आणि शेखमास्तर. त्यांनी लांबूनच हात केला. मामांनीही केला.

मग पिशवी उघडली. लिंबं, आल्याचा तुकडा, पुदिना, जिरेपूड, सैंधव. "आलं ठेचायचं, किसायचं नाही. किसलेलं तळाशी बसतं, कचेरीतल्या अर्जासारखं." एका हॉटेलात पुदिना म्हटल्यावर भज्यांबरोबरची चटणीच ढवळून आणली होती. मामांनी तिथे अर्धा तास व्याख्यान दिलं. मी टेबलक्लॉथवरची फुलं मोजत होते.

परतताना टांग्यात माझा संयम सुटला. "मामा, घरी तुम्ही इतकं छान सरबत करता. तिथेच प्या ना. सगळे हसतात. माझ्यासमोर हसतात."

माळीवाडा आल्यावर मामांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "घरी समोर कोण बसतं गं?"

मामी जाऊन तीन वर्षं झाली होती.

"आणि सरबत दोन घोटांत संपतं. पेला रिकामा झाला की लोक विचारतात, निघालात का? लॉनवरच्यांचा दारूचा ग्लास तासभर चालतो. मला तासभर पुरेल असं काहीतरी पाहिजे."

म्हणून ते झोंबणारं आलं. घाईने पिताच येऊ नये म्हणून. आणि भांडणंही त्याचसाठी असावीत. भांडण चालू असेपर्यंत ऊठ कोणी म्हणत नाही.

पुढच्या शनिवारी मामा त्याच हॉटेलच्या भटारखान्यात घुसले आणि स्वतःच्या हाताने ग्लास बनवून बाहेर आले. उंच, काचेचा, वर लिंबाची साल पिळलेली. कार्ड मागितलं नाही. सरळ लॉनवर गेले. मी मागे.

"वसंता, काढा घेतोस काय?" वकील म्हणाले.

"घेऊन बघ. तुझ्या अंगात नाही तेवढा दम आहे यात," मामा म्हणाले. शेखमास्तरांनी हसून खुर्ची सरकवली. कचेरीच्या गोष्टी निघाल्या. कित्येक महिन्यांत मामांना असं हळू आवाजात बोलताना मी पाहिलं नव्हतं. वीस मिनिटं झाली तरी ग्लास अर्धा होता.

तेवढ्यात तोच वेटर आला. त्याने मामांच्या ग्लासाला हात घातला. "झालं ना सायेब?"

"ने रे," वकील म्हणाले. "सरबत पिणाऱ्याला किती वेळ अडकवायचं? आम्हाला अजून दोन मागवायचेत. वसंता, तू नीघ आता, भाचीलाही उशीर होत असेल."

मामा म्हणजे एरवी चेरीवरून मॅनेजरला उभा करणारा माणूस. त्यांनी ग्लासावरची बोटं सोडली आणि टोपी उचलली.

माझे कान तापले. माझ्या नावाखाली त्यांना उठवत होते. शेजारच्या टेबलावरची माणसंही वळून बघतील इतका मोठा आवाज माझ्यात होता, हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं.

"ग्लास खाली ठेवा. मामांचं संपलेलं नाही. मला उशीर होत नाहीये. आणि मलाही असाच एक आणा, काचेच्या ग्लासात."