निकमकाकांचा हार्मोनचा चहा

आमच्या सोसायटीच्या जिन्यात निकमकाकांनी मला पहिल्यांदा विचारलं, "ताई, पाळी वेळेवर असते ना?" तेव्हा माझ्या हातातली मेथीची जुडी खाली पडली. सिटी बस वेळेवर येते ना, हे विचारावं तसा आवाज. मी "हो हो" म्हणत कुलपात भलतीच किल्ली घातली. काका शांतपणे म्हणाले, "लाजायचं काय त्यात? हार्मोन म्हणजे सेटिंग. ते हललं की अख्खी मशीन थरथरते."

निकमकाका माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात. सातपूरच्या एका कारखान्यात लेथ मशीनवर उमेदवारी करत करत ते फोरमन झाले आणि तिथूनच निवृत्त झाले. निवृत्तीनंतर माणसं भजनाला लागतात, नाहीतर सोसायटीच्या सेक्रेटरीच्या मागे लागतात. काका बायकांच्या हार्मोनच्या मागे लागले.

सुरुवात त्यांच्या बायकोपासून, शोभाकाकूंपासून झाली. त्यांची पाळी जायची वेळ आली होती. डिसेंबरात सगळं नाशिक स्वेटर घालून कुडकुडत असताना काकू गॅलरीत पदराने वारा घेत उभ्या असायच्या. काकांची नोकरी चालू असती तर त्यांना पत्ताही लागला नसता. आता घरीच असल्यामुळे दिसलं. ते तडक भद्रकालीच्या बाजारात गेले आणि काष्ठौषधींच्या दुकानातून पिशवीभर माल घेऊन आले. शतावरी, ज्येष्ठमध, बडीशेप, वाळलेली जास्वंद आणि एक कसलीशी काळी मुळी. तिचं नाव ते कुणालाच सांगत नसत. "फॉर्म्युला आहे," म्हणायचे.

पातेलं उकळायला लागलं की काका त्याच्याजवळ कान नेऊन उभे राहायचे. अर्क उतरल्याचं आवाजावरून कळतं म्हणे. मग हा 'हार्मोनचा चहा' थर्मासात भरून दारोदारी. पहिल्या मजल्यावरच्या चव्हाणबाई निवृत्त शिक्षिका. त्यांनी सांगून पाहिलं, "अहो, मी सत्तरीची आहे. माझे हार्मोन माझ्याआधी रिटायर झाले."

"मग मेन्टेनन्सपुरता अर्धा कप घ्या," काका म्हणाले आणि ओतलासुद्धा.

भाजीवाल्या मावशींनाही सुटका नव्हती. एक घोट घेऊन त्या म्हणाल्या, "बाबा, लय कडू हाय. गूळ टाका ना थोडा."

"गूळ टाकला की सेटिंग जातं, मावशी."

मी पंधरवडाभर तो चहा प्यायले. ढेकरांपलीकडे काही झालं नाही. पण काका इतक्या आशेनं तोंडाकडे बघायचे की मी "बरं वाटतंय" म्हणून टाकलं. दुसऱ्या दिवसापासून माझा कप मोठा झाला.

मग एका सकाळी मी तपासणीसाठी कॉलेज रोडच्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेले, तर तिथे बायकांच्या गर्दीत निकमकाका. मांडीवर काकूंची पर्स, हातात काकूंची शाल. कुणाशी बोलत नव्हते, कुणाला काही विचारत नव्हते. मी शेजारी बसले.

"आत आहे," ते म्हणाले. "काल बेसिनपाशी चक्कर येऊन बसली. तेव्हा कुठे बोलली. कित्येक महिने नीट झोपच नाही म्हणे. मी शेजारी घोरतोय आणि ही छताकडे बघत पडलेली."

"तुम्हाला बोलल्या नाहीत?"

"मी रोज विचारायचो ना, चहाने बरं वाटतंय का. ती हो म्हणायची." शालीची घडी मोडून त्यांनी पुन्हा घातली. "कारखान्यात दहा मशिनी चालू असायच्या. एकीचा आवाज बदलला की मला लांबून कळायचं. हिचं मात्र कळलं नाही, ताई."

तेवढ्यात काकू बाहेर आल्या. चेहरा उतरलेला, पण हसत होत्या.

"रक्त कमी झालंय. गोळ्या दिल्यात. आणि डॉक्टरीणबाई तुमच्या मुळीचं नाव विचारत होत्या."

काका खाली बघत म्हणाले, "दुकानदाराने सांगितलं होतं. माझ्या लक्षात राहिलं नाही."

"मग तो चहा बंद करा म्हणाल्या."

काकांनी मान हलवली. म्हणाले, "म्हणजे सकाळी आता मला काही काम नाही."

"काम कसं नाही? चहा करा की. दूध-साखरेचा, साधा." काकूंनी त्यांच्या हातातून शाल घेतली. "तुमचा तो काढा मला कधी आवडला नाही. पण लग्नापासून कुणी माझ्या हातात आयता कप दिला नव्हता हो. म्हणून प्यायचे."

एवढं बोलून त्या चिठ्ठी घेऊन औषधांच्या खिडकीकडे गेल्या. काका त्यांच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत राहिले. मग माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले,

"ताई, साध्या चहाला आधी दूध ठेवतात की पाणी?"