तळाला मार्बल

गुरुवारी सकाळी अभिनंदन मगदुमांनी परसातल्या पोहायच्या तलावावरची ताडपत्री ओढली, तेव्हा आतून दोन बेडूक बाहेर आले आणि त्यांच्याकडं नाराजीनं बघत कर्दळीत गेले. गणपतीत झाकलेलं पाणी एप्रिलात उघडल्यावर जसं असायचं तसंच होतं. पालकाच्या पातळ भाजीत आणि त्या पाण्यात फरक एवढाच, की भाजीला फोडणी असते.

एरवी मगदुमांनी ताडपत्री परत ओढून घेतली असती. पण रविवारी साडू येणार होते. इचलकरंजीचे वृषभ चौगुले, चोवीस यंत्रमागांचे मालक. या माणसानं आयुष्यात कशालाही चांगलं म्हटलेलं कुणी ऐकलं नव्हतं. मगदुमांनी शिये रस्त्याला बंगला बांधला, तेव्हा चौगुल्यांनी सगळ्या खोल्या फिरून बघितल्या आणि जाताना एवढंच विचारलं, की दुपारचं ऊन गाडीवर येत असेल, न्हाई का? ते मगदुमांच्या जिव्हारी लागलं होतं. साडूच्या तोंडून एकदा तरी ‘भारी हाय’ ऐकायचं, म्हणून तर तलाव खोदला होता. पोहणं कंबरेला चांगलं असतं, हे डॉक्टरांनी नंतर सांगितलं.

मगदुमांनी तलाव बांधणाऱ्या पुण्याच्या कंपनीला फोन लावला. तिथल्या माणसानं आधी पाणी तपासायला सांगितलं. नळीत पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे आणि आलेला रंग कार्डावरच्या रंगाशी जुळवायचा. इथं नवरा-बायकोत पहिली अडचण उभी राहिली. मगदूम म्हणाले पिवळा. अरुणाताईंचा सगळा जन्म साड्या निवडण्यात गेलेला, त्या म्हणाल्या हा पिवळा न्हवंच, मोतिया हाय, आणि कार्डावर मोतिया दिलेलाच न्हाय. अर्ध्या तासानं पुण्याच्या माणसानं दोघांचं ऐकून सांगितलं, की पाणी आम्लधर्मी झालंय, सोडा टाकावा लागेल. सोडा सोमवारी पोचेल.

सोमवारी सोडा येऊन काय उपयोग? मगदुमांनी कल्लाप्पाला बोलावलं.

कल्लाप्पा हा त्यांच्या गुऱ्हाळावरचा गुळव्या. चाळीस वर्षं काहिलीपुढं, त्या भल्या मोठ्या कढईपुढं, उभं राहून त्यानं रसाचा गूळ केला होता, आणि त्याला कार्ड लागत नसे. हंगाम संपल्यामुळं तो रिकामाच होता. त्यानं पाण्यात बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि थुंकला.

"आंबाट हाय," तो म्हणाला. "रस आंबला तर आपण काय करतो, मालक? चुना."

पुण्याचा माणूस अर्धा तास इंग्रजीत हेच सांगत होता, असं मगदुमांच्या लक्षात आलं. त्यांना कल्लाप्पाचा अभिमान वाटला. चुन्यानं आंबटपणा मोडायचा, भेंडीच्या चिकट पाण्यानं घाण धरायची, मग घाणीची मळी होऊन वर येते, ती झाऱ्यानं काढून टाकायची. यात न कळण्यासारखं काय होतं?

एका काहिलीला चुना ओंजळभर. तलावात काहिली किती, हे बघायला कल्लाप्पा काठावरून दोनदा फिरला, बोटं मोजली आणि दीड पोतं ओतलं. शुक्रवारी दुपारी हिरवं पाणी ताकासारखं झालं. थेंब टाकले तर नळीत गडद जांभळा रंग आला. तो कार्डावर कुठंच नव्हता, पण जांभळाच आहे यावर दोघांचं पहिल्यांदा एकमत झालं.

शनिवारी गुऱ्हाळावरच्या भेंडीच्या काड्या ठेचून त्यांचं सहा घागरी बुळबुळीत पाणी तलावात गेलं. काहील ढवळायच्या लांब लाकडी फावड्यानं कल्लाप्पानं ते ढवळलं. थोड्या वेळानं गाळण यंत्राचा पंप कण्हला आणि बंद पडला, कारण भेंडी आत गेली होती. कल्लाप्पा झारा घेऊन मळीची वाट बघत काठावर बसला. दिवस मावळला तरी मळी काही आली नाही.

"खाली जाळ न्हाय की," तो शेवटी म्हणाला. "भट्टीच ठिवली न्हाय तुमच्या इंजिनेरानं."

मगदुमांनी क्षणभर खरोखर तलावाच्या खाली बघायचा प्रयत्न केला. मग जेवायला गेले. उद्या चौगुले काय म्हणतील ते त्यांना आत्ताच ऐकू येत होतं.

रविवारी सकाळी अरुणाताईंनी त्यांना हाका मारून बोलावलं. पंप बंद, ढवळणं बंद, त्यामुळं रातोरात सगळी मळी खाली बसली होती. पाणी आरशासारखं नितळ झालं होतं. तळाला चार बोटं जाडीचा पांढराशुभ्र थर होता. मगदुमांचे डोळे भरून आले. त्यांनी कौतुकानं पाण्यात हात घातला, तर खालून पांढरा ढग उठला आणि बराच वेळ खाली बसेना.

तेव्हा ठरलं, की काही झालं तरी पाण्यात कुणी उतरायचं नाही. ज्या साडूला पोहायला उतरवायचं म्हणून तीन दिवस जिवाचं रान केलं, त्यालाच आता पाण्यापासून लांब ठेवायचं होतं. खुर्च्या दहा फूट मागं मांडल्या.

साडेदहाला चौगुले आले ते खांद्यावर टॉवेल टाकूनच. बरोबर अरुणाताईंची धाकटी बहीण दीपा होती. मगदुमांनी सांगितलं, की आज पाण्याला विश्रांती असते, आठवड्यातून एक दिवस द्यावीच लागते. चौगुल्यांनी टॉवेल खुर्चीवर ठेवला आणि काठावर जाऊन उभे राहिले. बराच वेळ बघत राहिले.

"तळाला पांढरं काय घातलंय?"

"मार्बल," मगदूम म्हणाले.

चौगुल्यांनी मान हलवली. "भारी हाय, पावणं."

अरुणाताईंनीही हे ऐकलं ना, ते मगदुमांनी वळून बघितलं. हा सोहळा इथंच संपला असता, पण कल्लाप्पा मागंच उभा होता. चाळीस वर्षांत त्याच्या कामाला कुणी फरशी म्हटलं नव्हतं.

"मार्बल कुठलं आलंय," तो म्हणाला. "मळी हाय ती. मी बसवलीया." आणि खात्री पटावी म्हणून त्यानं फावडं तळापर्यंत घालून एक वेढा दिला.

सगळा तलाव पांढरा झाला. अरुणाताई ताक आणायला आत गेल्या. मगदूम मान खाली घालून वाट बघत राहिले.

चौगुले हळूच खुर्चीवर बसले. "आमचा तर काळा पडलाय," ते म्हणाले.

मग दीपानंच सगळं सांगितलं. दिवाळीत यांनीही तलाव बांधला, पण महिन्यात पाणी असं झालं, की कुणाला दाखवायची सोय राहिली नाही. म्हणून तर आक्काला चार महिन्यांत घरी बोलावलं नव्हतं. मगदुमांना एकदम हलकं वाटलं. दोघं साडू गुडघ्यापर्यंत विजारी वर करून त्या ताकात पाय सोडून बसले, आणि बंगला झाल्यापासून पहिल्यांदाच मनमोकळे बोलले. जाताना चौगुल्यांनी कल्लाप्पाला गाडीत पुढं बसवून नेलं. उरलेल्या भेंडीच्या काड्या डिकीत घातल्या.

आठ दिवसांनी त्यांचा फोन आला.

"पावणं, आरशागत पाणी झालंय. रविवारी या बघायला."

"येतो की," मगदूम म्हणाले. "टॉवेल आणू न्हवं?"

"टॉवेल कशाला?" चौगुले म्हणाले. "बघायला या."