लाइम म्हणजे लिंबूच!

माझ्या मराठीबद्दल कुणी शंका घ्यायचं कामच नाही! शाळेत निबंधाला पहिलं बक्षीस, कॉलेजात निवेदन, आणि इथे कार्डिफच्या मंडळात गणपतीचं सूत्रसंचालन गेली सहा वर्षं माझ्याकडेच. त्यामुळे ईशिताने, "सुलक्षणामावशी, तुम्ही आमचा व्हॉइस होणार का?" असं विचारलं, तेव्हा 'विचार करून सांगते' वगैरे म्हणण्याचा मला मोहसुद्धा झाला नाही.

ईशिता इथेच जन्मलेली, मातीची शास्त्रज्ञ. तिची छोटीशी संस्था हिंदी महासागरातल्या एका बेटावरच्या लहान शेतकऱ्यांना फोनवरून सल्ला देते. तिथल्या डोंगराकडच्या गावांत पाच पिढ्यांपूर्वी कोकणातून गेलेली कुटुंबं अजून मराठी बोलतात. ती इंग्रजीत लिहिणार, मी मराठीत रेकॉर्ड करणार आणि शेतकऱ्यांच्या शंका फोनवर घेणार.

"सायन्स माझा, मराठी तुमचा," ती म्हणाली.

"तुमचं," मी सुधारलं. कामाला सुरुवात झाली!

पहिलाच फोन दीनानाथकाकांचा. अर्धा एकर जमीन आणि त्यात फक्त आलं.

"गो बाय, गेल्या साली आलं आलंच नाय. औंदा पन नाय आलं, तर पोरगा जमीन हॉटेलवाल्यांना देऊन मोकळा होतोय."

स्पीकरवर ऐकणारी ईशिता गोंधळली. "कोण आला नाही?"

"आलं."

"हो, पण कोण?"

"अगं, जिंजर!"

मातीचे नमुने तपासून झाले. माती आंबट निघाली. ईशिताने लिहिलं, लागवडीआधी जमिनीत लाइम मिसळा, वीस चौरस मीटरला पाच किलो. मी खणखणीत आवाजात रेकॉर्ड केलं, "शेतकरी बंधूंनो, जमिनीत लिंबू मिसळा!" पाच किलो जरा जास्त वाटली. पण शास्त्रज्ञ ती की मी?

दुसऱ्या दिवशी फोनच फोन. लिंबू अख्खं घालायचं की कापून? म्हटलं, विचारलेलं बरं. ईशिता लंडनच्या ट्रेनमध्ये होती, आवाज तुटत होता.

"अगं, लाइम घालायचं कसं?"

"एकदम बारीक, मावशी! जेवढा बारीक तेवढा छान. आणि हातात ग्लोव्हज पाहिजे. डोळ्यात गेला तर खूप वाईट!"

बरोबरच आहे! लिंबू डोळ्यात उडालं की झोंबतंच. मी लगेच दुसरा निरोप सोडला. बारीक चिरा, हातमोजे घाला, डोळे सांभाळा.

एकाने विचारलं, "ताई, सोबत मिरच्या पन बांधू काय?"

"मिरच्यांचा उल्लेख नाही," मी कडक शब्दांत सांगितलं. अंधश्रद्धेला मी थारा देत नाही.

आठवड्यात त्या बेटावरच्या बाजारातली लिंबं संपली! ईशिता कॉम्प्युटरसमोर नाचायची बाकी होती. शंभरातल्या एक्याण्णव शेतकऱ्यांनी सल्ला पाळला होता. एवढा प्रतिसाद संस्थेला कधीच मिळाला नव्हता. तिने केक आणला. केक खाता खाताच एका शेतातला पहिला फोटो आला.

"मावशी, हा काय आहे? सॅलड?"

"लाइम! तूच सांगितलंस ना?"

"लाइम, मावशी! पांढरा पावडर! मराठीत काय म्हणतात... चुना!"

मी हातातला केक खाली ठेवला. ईशिता डोकं धरून बसली. "माती आधीच आंबट आहे. आपण त्याच्यात लिंबू पिळला!"

मला डोळ्यांसमोर काकांची अर्ध्या एकराची जमीन दिसायला लागली आणि तिच्यावर हॉटेलचा स्विमिंग पूल. फोन लावला, तर काका उचलेनात.

तोवर चूक सुधारणं भाग होतं. माइकसमोर बसले आणि पहिल्याच वाक्याला अडले. "शेतकरी बंधूंनो, आता चुना लावा" असं म्हणायचं? तेही आम्ही?

"काय झाला? बोला ना!" ईशिता म्हणाली.

"अगं, चुना लावणं म्हणजे फसवणं."

"पण आपण फसवला ना ऑलरेडी?"

सातव्या प्रयत्नात कसंबसं रेकॉर्ड झालं. "लिंबू बाहेर काढा, जमिनीत चुना मिसळा, आणि आम्हाला माफ करा."

तिसऱ्या दिवशी काकांनी फोन उचलला.

"काका, तुम्ही लिंबू घातलंत?" मी थेटच विचारलं.

"घातलं तर! तू सांगितलंस ना."

संपलं! मला रडूच फुटलं.

"रडतेस कशाला गो? आधी चुना टाकला. लिंबाला हातमोजे कोन घालतं? म्हटलं, ही पोर चुन्याचंच सांगत्येय. आमचा आजा टाकायचा, आमीच सोडलं व्हतं."

"मग लिंबू?"

"चार कोपऱ्यांत चार ठेवली. एवढी विलायतेतून बोलतेस, तुझा मान नको ठेवायला?"

आठ महिने मी रोज आधी काकांच्या गावचं हवामान बघितलं, मग कार्डिफचं. परवा ऑफिसात शिरले, तर ईशिता ओरडतच आली.

"मावशी! दीनानाथकाकांचा जिंजर आला!"

"आलं," मी सुधारलं.

"तेच सांगते ना, आला!"

रेकॉर्डिंगवर काका हसत होते. "आलं आलं गो! पोरानं स्वतः काढलं. हॉटेलवाल्याला म्हनाला, पुढल्या साली बघू." मी तिथेच ईशिताला मिठी मारली.

मागे काका अजून बोलतच होते. "पन एक इनंती हाय. पुढचे निरोप गावाला आमीच सांगू. बायचं मराठी लई भारी. फकस्त हातमोजे घालून ऐकावं लागतं."

ईशिताला अर्थ कळला नाही. मीही सांगितला नाही. गणपतीचं सूत्रसंचालन मात्र अजून माझ्याकडेच आहे. तिथे ऐकून कुणी काही पेरत नाही.