अचूक शब्दांतला बोका

माझ्याइतकं अचूक आमच्या गल्लीत कुणालाही लिहिता येत नाही! हसू नका. वीजबिलांच्या कचेरीत मी तक्रारींना उत्तरं लिहितो. मध्यंतरी साहेब म्हणाले, "काय हो, सगळ्यांना एकच पत्र पाठवता का?" ते मनाला इतकं लागलं की मी पुस्तकांवर तुटून पडलो. कादंबऱ्या, प्रवासवर्णनं, शिकारकथा, पक्ष्यांवरची पुस्तकं, काही म्हणजे काही सोडलं नाही! डोक्यात शब्दांची अशी दाटी झाली की शिंकलो तरी एखादं विशेषण बाहेर पडेल, अशी भीती वाटायला लागली.

आणि नेमका तेव्हाच सासूबाईंचा बोका हरवला!

सासू-सासरे आमच्याकडेच राहतात. सासूबाई बहिणीकडे गेल्या होत्या. जाताना बोक्याला त्यांनी माझ्या हवाली केलं होतं. सासऱ्यांबद्दल काहीच बोलल्या नव्हत्या. संध्याकाळी त्या परतणार, आणि सकाळपासून बोका बेपत्ता!

"कोपऱ्यावर कागद लावा," बायको म्हणाली. "'मांजर हरवलं आहे' एवढं लिहा आणि खाली फोटो चिकटवा."

"फोटो? ज्याच्याकडे शब्द नाहीत त्यानं फोटो लावावा! आणि 'मांजर' हा काय शब्द झाला? गल्लीत पन्नास मांजरं फिरतात. वर्णन असं हवं, की नाव न घेता तो समोर उभा राहिला पाहिजे!"

"अहो, पण..."

पण मी ऐकतोय कसला! बैठक मारली आणि लिहिलं:

'सकाळपासून घरातून नाहीसा. अंगानं स्थूल, चाल डौलदार. डोळे घारे, मिशा पांढऱ्याशुभ्र, कानांवर केसांचे झुबके. स्वभाव तिरसट. दुपारी ऊन बघून पहुडतो. हाक मारल्यास ओळख दाखवत नाही. धरू गेल्यास फिस्कारतो. हनुवटीखाली खाजवल्यास शांत होतो. कृपया घरी आणून सोडावा.'

खाली पत्ता. दुकानाबाहेर, कोपऱ्यावर, बागेच्या फाटकावर, दिसेल तिथे प्रती चिकटवल्या आणि घरी येऊन पाय पसरून बसलो.

दुपारी बेल वाजली. दारात इस्त्रीवाला. त्याच्या मुठीत सासऱ्यांचं मनगट!

"घ्या, सापडले! बागेत बाकावर उन्हात पहुडले होते."

"अरे, मी हरवलोच नव्हतो!" सासरे फिस्कारले.

"बघा, फिस्कारतात पण!" इस्त्रीवाला खूश.

मी सासऱ्यांकडे पाहिलं. स्थूल, घारे, कानांवर झुबके... मिशाही पांढऱ्याशुभ्र!

"आधी ते कागद काढून या," बायको ओरडली.

"एका वाचकाचा गैरसमज झाला म्हणून लेखक पुस्तक मागे घेतो का?" मी म्हणालो. सासरे तणतणत पुन्हा बागेत गेले.

संध्याकाळच्या सुमारास पुन्हा बेल. कॉलेजातल्या दोन मुली, आणि मधोमध सासरे.

"काका, आजोबांना सांभाळा हं! नाव विचारलं तर तोंड फिरवत होते. मग हिनं हनुवटीखाली खाजवलं."

"आणि खरंच शांत झाले!" दुसरी म्हणाली.

सासऱ्यांचे कान तेवढे लाल झाले होते.

मुली गेल्यावर बायकोनं कागद माझ्या नाकासमोर धरला. "एवढं लिहिलंत, आणि शेपटी कुठाय? एक शेपटी लिहिली असतीत तर माझे बाबा वाचले असते!"

शेपटी! एवढ्या शब्दांच्या गर्दीत तीच नेमकी राहिली होती!

तेवढ्यात रिक्षा थांबली. सासूबाई धापा टाकत आत आल्या. कोपऱ्यावरचा कागद फाडूनच आणला होता.

"हे वाचलं आणि माझा जीव थाऱ्यावर राहिला नाही!"

"घाबरू नका आई," मी घाईघाईनं म्हणालो, "बाबा घरीच आहेत."

"त्यांना काय धाड भरलीय! माझा बोका कुठाय?"

मी गहिवरलो. अख्ख्या गल्लीत एक तरी जाणकार वाचक निघाला!

"म्हणजे हे वर्णन वाचून तुला बोका आठवला?" सासरे दुखावल्या आवाजात म्हणाले. "मी नाही?"

"तुमच्या चालीत डौल कुठाय?" सासूबाई म्हणाल्या आणि सरळ स्वयंपाकघरात गेल्या. दुधाच्या भांड्यावर चमचा वाजवला मात्र, माळ्यावरच्या रजयांतून एक लांबलचक जांभई ऐकू आली. स्वारी दिवसभर तिथेच होती! सासूबाई बोक्याला कवटाळून हसत सुटल्या, मग बायको, मग मी. शेवटी सासऱ्यांच्या मिशाही थरथरायला लागल्या.

एवढ्यावर भागलं असतं. पण या प्रकारानंतर सासरे इरेला पेटले आणि माझी पुस्तकं वाचायला लागले. काल चहा पिता पिता त्यांचा चेहरा एकदम उजळला. माझ्यादेखत बायकोला म्हणाले, "पोरी, तुझ्या नवऱ्याला मी इतकी वर्षं नुसतंच निरुपयोगी म्हणत होतो. चुकलंच माझं. नेमका शब्द आज सापडला. कुचकामी!"

आणि काय सांगू तुम्हाला, शब्द चपखल आहे हो!