तेवढा पदर बाजूला कर

आमच्या लालबागच्या चाळीत कुणाचं काहीही हरवो, वसंता एकच सांगणार, "फोटो मोठा करा, सगळं दिसतं." सत्तरीचा हा माणूस माझ्या शेजारच्या खोलीत एकटा राहतो आणि टीव्हीवर पोलिसांच्या मालिका बघतो. तिथे साहेब बटण दाबतात आणि धुरकट ठिपक्यातून चोराच्या गालावरचा तीळसुद्धा बाहेर येतो. वसंताला ते सगळं खरं वाटतं.

मागे गॅलरीत वाळत घातलेले माझे बोंबील गेले. जिन्यातल्या कॅमेऱ्यात काहीतरी काळं सरकताना दिसलं. वसंताने सेक्रेटरीला मोठं कर, अजून मोठं कर म्हणत इतकं छळलं, की शेवटी पडद्यावर नुसते चौकोन उरले. तरी म्हणतो, "ह्याच चौकोनांत आहे चोर. साफ करा फक्त." चोर तोवर माझ्या उंबऱ्यावर बसून मिशा चाटत होता. मांजर हो, दुसरं कोण. गुडघ्याचा एक्सरे काढला तेव्हाही डॉक्टरांना म्हणे, जरा मोठा करा, दुखणं कुठे बसलंय ते कळेल.

मी हसायचे. गेल्या महिन्यात मात्र सोबत चल म्हणून मला कोपऱ्यावरच्या फोटो स्टुडिओत घेऊन गेला. तिथे काम करणाऱ्या शिल्पा नावाच्या मुलीसमोर त्याने पिशवीतून चाळीच्या सत्यनारायणाचा जुना फोटो काढला. मागच्या रांगेत त्याची आई, कडेवर हा. हा नीट चालायला लागायच्या आत ती गेली. तिचा हा एवढाच फोटो, आणि त्यातही तोंडावर पदर धरलेला.

"तेवढा पदर बाजूला कर गं, पोरी," तो म्हणाला.

शिल्पाने समजावलं, काका, जे फोटोत आलंच नाही ते कॉम्प्युटर आणणार कुठून? तो आपल्या मनाने चेहरा रचेल. वसंता म्हणाला, रचू दे. पडद्यावर एक गोरीगोमटी, मिटल्या ओठांची बाई आली. तो पडद्याजवळ सरकला. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "तायडे, तू पाहिलंयस तिला. अशी होती?"

माझं माहेर ह्याच चाळीतलं. तो कडेवर होता तेव्हा मी शाळेत जात होते. पण इतक्या वर्षांत त्याने हे कधी विचारलं नव्हतं, आणि मीही आपणहून बोलले नव्हते.

"नाही रे. तिचे दात जरा पुढे होते. हसू आलं की तोंडावर पदर घ्यायची. आणि हसू तर तिला सारखंच यायचं."

त्याने फोटो डोळ्यांजवळ नेला. "म्हणजे इथे ती हसतेय?"

"हसतेय."

शिल्पाला त्याने पडद्यावरची बाई पुसून टाकायला सांगितली. मग हळूच म्हणाला, "कशाला हसत असेल गं?"

मी फोटोतल्या त्याच्या इवल्या मुठीवर बोट ठेवलं. आईच्या अंबाड्यातला गजरा ओढून काढलेला, अर्धा तिच्या खांद्यावर लोंबत होता.

"तुला," मी म्हटलं.